नव्या रायफलीवरचा जुना हात

माझे वडील सैन्यात रायफल शिकवायचे. जवान त्यांना ‘उस्ताद’ म्हणत. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. रोज हलवला तर परत येईल, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मुठीत दाबायला एक रबरी चेंडू दिला. वडिलांनी तो कपाटावर टाकायला लावला. “मी काय बालवाडीत हाय व्हय?” आई त्यांना चमच्याने भरवायची. ते भिंतीकडे बघत जेवायचे.

दिवाळीच्या सुमारास खुलताबादहून त्यांचे एक जुने विद्यार्थी आमच्या पुंडलिकनगरच्या घरी आले, सीताफळांची पिशवी घेऊन. पलटणीत बोल्टची रायफल जाऊन सेल्फ-लोडिंग रायफल येत होती, तेव्हाची त्यांची ओळख. जुन्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्टची दांडी हाताने उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलून खाली पाडायची. नवी रायफल ते काम गोळी सुटताना होणाऱ्या वायूच्या जोरावर स्वतःच करी. परदेशी सैन्यांत अशा रायफली कधीच्याच आल्या होत्या. मात्र सुरुवातीच्या जड होत्या, धुळीने अडकत, आणि जवान गोळ्या उधळतील म्हणून वरिष्ठ बिचकत. पाहुण्यांची अडचण वेगळी होती.

“गोळी सुटली की माझा हात दांडीकडं जायचा,” त्यांनी मला सांगितलं. “अन् दांडी तिथं नायच!”

“हवेत ताक घुसळायचा हा,” वडील म्हणाले.

“मग उस्तादनी मैदानाला चक्कर मारायला लावलं. रायफल डोक्यावर.”

“सवय सुटली का पण?” मी विचारलं.

“कुठली! अजून झोपेत वढतो.”

वडील हसले. मग मांडीवरच्या हाताकडे बघून म्हणाले, “माझ्या हाताचं उलटं झालं. आपोआप कायबी व्हत नाय.”

पाहुणे उठून दाराशी गेले. आमच्या दाराला जाड आडवी कडी आहे, दांडी उचलून मागे सरकवायची. “उस्ताद, या इकडं. वर, मागं, पुढं, खाली.”

“दार हाय ते.”

“हुकूम ऐका. नायतर अंगणाला चक्कर, सीताफळं डोक्यावर.”

वडील उठले. डाव्या हाताने उजवा हात धरून त्यांनी कडीवर ठेवला आणि मग सोडला. कडी थोडी उचलली गेली, मागे सरकली नाही. पाहुण्यांनी मदत केली नाही. ते एवढंच म्हणाले, “पुन्हा.”

त्यानंतर वडील रोज सकाळी दाराशी उभे राहू लागले. आईने कडीला तेल घातलं.

परवा मी कचेरीतून आले तेव्हा बेल वाजवल्यावर आतून वडिलांचा आवाज आला, “थांबा, कुणी येऊ नका. मी उघडतो.” कडी वर झाली. अडकली. मी बाहेर उभी राहिले. मग ती मागे सरकली आणि दार उघडलं.

आईने ताट वाढलं होतं. वडिलांनी उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला. वेडावाकडा मोडला, थोडा चुरा ताटाबाहेर सांडला. आईने चमचा उचलून आत नेऊन ठेवला.