खुराड्याचं कुलूप

वाघोलीत आम्ही घर घेतलं तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्यभर एका कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे काढले. आता घरामागे छोटंसं अंगण मिळालं होतं आणि त्याचं करायचं काय, हे मला कळत नव्हतं. ते सुचवलं शेजारच्या मावशींनी. त्या मूळ गावातल्या. त्यांच्याच शेतावर आमची घरं उभी राहिली होती. त्यांचं जुनं बैठं घर तेवढं आमच्या कुंपणाला लागून शिल्लक होतं.

"कोंबड्या पाळा की भाऊ," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या चार तलंगा, नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या, घेऊन आल्या. पैसे विचारले तर हसल्या. मी अंगणाच्या कोपऱ्यात जाळीचं खुराडं बसवलं.

मी आणि बायको सकाळी फिरायला जायचो. तेवढ्या वेळात मावशी बाजूच्या फाटकातून येत, खुराडं उघडत, दाणे टाकत. अंडी घातलेली असली तर काढून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी वाडग्यात ठेवत. एखादं अंडं घेऊन जा म्हटलं तरी "माझ्या हायत की घरी" म्हणून निघून जात.

अंडी घालायला कोंबड्या बसायच्या खुराड्यातल्या एका जुन्या पाटीत. पाटी मावशींचीच, पेंढ्याने भरलेली. मला ती कळकट वाटायची. मी आधी कागदावर नकाशा काढला, मग प्लायवूड आणलं आणि तीन खोकी केली. कडा घासून गुळगुळीत केल्या. वाकावं लागू नये म्हणून ती कमरेच्या उंचीवर बसवली. ऊन यावं म्हणून तोंडं पूर्वेला, चांगली रुंद. खाली रोजच्या रोज बदलता येईल असा वर्तमानपत्राचा कागद. पाटी कचऱ्याच्या गाडीत टाकली.

मावशींनी खोक्यांवरून हात फिरवला. "काम झ्याक हाय. पर उजेड लई. अंडं घालायची वेळ म्हंजी बाळंतपणच की भाऊ, चारचौघांत कशी बसंल?"

"मग पडदे शिवून देऊ का त्यांना?" मी म्हणालो.

बायको हसली, मावशीही हसल्या. "गोणपाट लावा, बास झालं," त्या म्हणाल्या. मी लावलं नाही. माझ्या कामावर गोणपाट लोंबकळणार, हे मला सहनच होणारं नव्हतं.

कोंबड्या खोक्यांकडे फिरकेनात. पाण्याच्या पिंपामागे, जास्वंदीखाली, कुठेही अंडी घालू लागल्या. मी त्यांना दुपारपर्यंत खुराड्यातच कोंडून ठेवायला लागलो. नाइलाजाने का होईना, त्या खोक्यांत बसू लागल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं. आणि मग अंडी कमी व्हायला लागली. वाडग्यात तीन, मग दोन, एखाद्या दिवशी एकच. कुठे टरफल नाही, सांडलेलं नाही, काही नाही.

सकाळी आम्ही नसताना खुराड्यापाशी कोण येतं, हा विचार माझ्या मनात आला. बायकोच्या नाही, माझ्याच. ती म्हणालीसुद्धा, "असं काही मनात आणू नका." तरी मी बाजारात जाऊन कुलूप आणलं आणि खुराड्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या असणार, कारण फाटकाला नेहमीसारखी कडी न लावता ते नुसतंच लोटलेलं होतं. दुपारी मी झाडांना पाणी घालत होतो, तेव्हा कुंपणापलीकडून त्यांनी हाक मारली.

"भाऊ, अंडी कमी घावत्यात म्हून कुलूप लावलं व्हय?"

"कमी झालीत खरी."

"मी बी तेच बगत हुते. कोंबड्याच खात असत्याल. नुसत्या कागदावर पडून तडकतं, मग चोच मारत्यात. एकदा चव लागली की सोडत न्हाईत. खाली जाड पेंढा घाला, अंधार करा, अंड्यावानी दोन गुळगुळीत गारगोट्या ठेवा. टोचून टोचून कटाळतील."

"आणि टरफलं? तीसुद्धा कोंबड्याच गिळतात वाटतं?"

हे मी ज्या सुरात म्हणालो, तो सूर मला आजही ऐकू येतो. ऑफिसात त्या सुरावर लोक हसायचे.

"व्हय, टरफलं बी," एवढंच मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या.

कुलूप लावल्यावरही अंडी वाढली नाहीत. कोंबड्या बुजल्या असतील, अशी मी समजूत करून घेतली. आठवड्याभराने एका सकाळी पाय मुरगळल्यामुळे फिरायला गेलो नाही. खुराड्याशेजारी स्टूल टाकून पेपर वाचत बसलो होतो. तांबडी कोंबडी खोक्यातून उठली, वळली आणि स्वतःच्याच अंड्यावर चोच मारली. बाकीच्या धावत आल्या. मी स्टूलवरून उठून कुलूप उघडेपर्यंत सगळं संपलं होतं. टरफलाचा शेवटचा तुकडा पांढरी घेऊन पळाली. कागदावर फक्त एक ओला डाग उरला होता.

मी बायकोला हाक मारून तो डाग दाखवला. ती म्हणाली, "आता जाऊन सांगा त्यांना."

मी गेलो नाही. आधी गोणपाट आणलं. खोकी खाली घेतली, तोंडं भिंतीकडच्या सावलीत वळवली, मधोमध फट ठेवून गोणपाटाचे पडदे ठोकले. ओंजळी भरभरून पेंढा घातला. नदीकाठच्या गारगोट्या धुऊन प्रत्येक खोक्यात ठेवल्या. अंडं घातल्या घातल्या उचलायला दिवसभर खेपा घातल्या. तीन आठवड्यांत कोंबड्या आपापल्या अंधारात शांत बसायला लागल्या आणि वाडगा पुन्हा भरला. मावशींनी सांगितलेलं एकही चुकलं नव्हतं.

मग मी डबाभर अंडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सतरंजी टाकली, चहा ठेवला. "बरं झालं, खोड मोडली," म्हणाल्या. मी कप हातात घेऊन सुरुवात केली, "मावशी, ते कुलूप मी..."

"कुत्री लई झाल्यात भाऊ," त्या मधेच म्हणाल्या. "कुलूप पायजेच."

त्यांना सगळं ठाऊक होतं. मला लाजेतून सोडवायला त्यांनी ते कुत्र्यांचं निमित्त पुढे केलं होतं. मी ते नाकारायला हवं होतं. पण मी म्हणालो, "हो ना, फारच झालीत," आणि चहा संपवून घरी आलो.

कुलूप त्याच दिवशी काढलं. मावशी मात्र पुन्हा फाटकातून आत आल्या नाहीत. कुंपणापाशी बोलायच्या, भाजी द्यायच्या, सणाला पुरणपोळी पाठवायच्या. सकाळी मात्र त्यांच्या घराचं आमच्या फाटकाकडचं मागचं दार बंद असे. पुढच्या वर्षी त्यांचं घरही बिल्डरला गेलं आणि त्या आपल्या मुलाकडे अकराव्या मजल्यावर राहायला गेल्या.

परवा भाजीबाजारात भेटल्या. थकल्यासारख्या वाटल्या. "कोंबड्या हायत का अजून?" त्यांनी विचारलं. दोन आहेत, म्हणालो. "ऊन वाढतंय, पाणी बदलत जावा दुपारचं," त्या म्हणाल्या. त्यांची सून रिक्षा थांबवून उभी होती. मी त्यांची पिशवी रिक्षात ठेवली, आणि तेवढ्या वेळात कुलपाचं जे सांगता आलं असतं ते या खेपेलाही सांगितलं नाही.