राहीच्या मेंदूचा स्वच्छ फोटो

गोदा खोटं बोलत नसे. वाडीत बांधावरून भांडण लागलं की लोक म्हणायचे, "गोदेला विचारा." सख्ख्या दिराच्या विरुद्धही ती खरं सांगून मोकळी व्हायची. त्याच गोदानं १९८६ च्या नवरात्रात, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात, डॉक्टरांच्या तोंडावर खोटं सांगितलं.

सून राही तेव्हा सव्वीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचे सांधे धरले आणि नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला. गोदाला वाटलं, भाजावळीत, शेतात पालापाचोळा जाळताना, तोंड होरपळलं असेल. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं, तिथे आजाराचं नाव कळलं, लुपस. "आपलंच अंग आपल्यावर उठतं, आये," असं मुलानं, भागोजीनं, तिला समजावलं. तो मुंबईत छापखान्यात कामाला. पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. रोज, जेवणानंतर, एकही दिवस चुकवायच्या नाहीत. सांधे सुटले, पण राहीचं तोंड सुजून गोल झालं.

शेजारची सोनूबाई विहिरीवर म्हणालीच, "काय गो गोदे, सुनेला तूप पाजतंस वाटतं? आमच्या वाटणीचं कुठाय?"

"तुला कशाला तूप? तुझी जीभ तशीच घसरते," गोदा म्हणाली.

त्या साली घरात घट बसले. राहीला नऊ दिवस कडक उपास धरायचा होता. गोळी तर जेवणावरची, उपाशी पोटी घेतली की पोटात आग पडायची. तोड गोदानंच काढली. "नऊ दिस गोळी नको गो. आई बघून घेईल." राहीनं मान हलवली. भागोजीला कुणी कळवलं नाही.

सहाव्या दिवशी आरतीला राही घुमायला लागली. मेलेल्या माणसांना नावानं हाका मारी, मध्येच हसे. अंगात आलं म्हणून बायकांनी तिला पाटावर बसवलं, ओटी भरली, आपापल्या लेकींची लग्नं विचारली. गोदाचा ऊर भरून आला. आपल्या घरात आई आली!

आठव्या दिवशी राहीनं दात आवळले. डोळे फिरले, अंग लाकडासारखं ताठ झालं, तोंडाला फेस आला. बायका धूप घालत राहिल्या. गोदाला मात्र राहीचं पातळ ओलं झालेलं दिसलं, ओठातून रक्त आलेलं दिसलं. "धूप विझवा!" ती ओरडली. "गाडी बघा कुणीतरी!"

रत्नागिरी आणि तिथून मुंबई. दारातच डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज घेत होती?" भागोजी शेजारी उभा होता. गोदाच्या तोंडून निघून गेलं, "व्हय. एक दिस खंड नाय."

राहीला एका गोल यंत्रात सरकवून डोक्याचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी थोरल्या डॉक्टरीणबाईंनी ते उजेडाच्या काचेवर लावले. माणसाचं डोकं असं चकत्या केल्यासारखं बघून गोदानं डोळेच मिटले.

"रक्तस्राव नाही, गाठ नाही. फोटो स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या.

भागोजीनं सुस्कारा सोडला. "म्हणजे डोक्यात काय नाय ना?"

"तसं नाही हो. मोठं काही असतं तर यात दिसलं असतं. बारीक शिरांची सूज हे यंत्र दाखवीत नाही. फोटो स्वच्छ आणि पेशंट समोर बरळतोय, असं होतं." मग त्या कागद पुढे ओढत म्हणाल्या, "एकतर लुपस मेंदूपर्यंत गेलाय, मग औषध कितीतरी पट वाढवायचं. नाहीतर या गोळ्यांनीच डोकं बिघडलंय, मग कमी करायचं. रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायला वेळ नाही. गोळ्या एकही दिवस चुकल्या नाहीत म्हणता, तेव्हा मला गोळ्यांवरच संशय घ्यावा लागतो. कमी करते."

त्यांनी पेन उघडलं. गोदा बघत होती. आपण एक शब्द बोललो तो इथवर येऊन पोचला होता, आणि आता तो कागदावर उतरणार होता.

"थांबा बाय," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं. घट बसले तसं मीच गोळी बंद केली. आठ दिस पोरीनं गोळी खाल्लेली नाय."

पेन थांबलं. "एकदम बंद? अहो, नुसत्या तेवढ्यानंसुद्धा जीव जातो!" बाई उठल्या आणि नर्सला हाका मारतच वॉर्डाकडे धावल्या.

भागोजी आईकडे वळला. "आये, तू?" दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यानं गळा धरला असता. ही तर गोदा होती.

इंजेक्शनं सुरू झाली. चार दिवस राहीनं कुणाला ओळखलं नाही. भागोजी डबा आणून ठेवी, आईशी शब्द बोलत नसे. गोदा देवीचं नाव घेई, पण काही मागायला तिला तोंड नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी राहीनं डोळे उघडले. गोदाकडे बघून हळू म्हणाली, "आत्ये, दसरा झाला?"

"झाला गो."

"मग माझा उपास सोडायचा ऱ्हायला."

भागोजी दारात थबकला. गोदानं डबा उघडला, मऊ पेजेचा पहिला चमचा राहीच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "सुटला."