गालिच्यातल्या डांबरगोळ्या

रफूवाल्या मावशी तशा कुणाला भिणाऱ्या नव्हत्या. भ्यायच्या त्या लोकर खाणाऱ्या कसरीला. पावसाळा सरून ऊन पडायला लागलं, की लोक पेट्या उघडायचे आणि भोकं पडलेल्या शाली, स्वेटर, गालिचे मावशींच्या बाहेरच्या खोलीत येऊन पडायचे. एका वर्षी एका शालीतली कसर दुसऱ्याच्या गालिच्यात शिरली. लोकांचा माल आपल्या घरात पोखरला गेला, या विचारानं मावशींची झोपच उडाली. तेव्हापासून त्या मूठमूठ डांबरगोळ्या टाकायच्या. घड्यांत, कोपऱ्यांत, गुंडाळलेल्या गालिच्यांत.

"आई, पोर रांगायला लागलीय," सून म्हणायची.

"अगं, लक्ष आहे माझं!"

त्या दुपारी मावशी कोटाची बाही रफू करत होत्या. मागे नातीची बडबड चालू होती. ती थांबली, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. भिंतीशी उभा केलेला गालिचा आडवा पडला होता आणि नात काहीतरी चघळत होती. मावशींनी तिला उचललं. तोंडाला डांबरगोळ्यांचा वास!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती गोळ्या पोटात गेल्या?"

"मोजून कुठं ठेवल्या होत्या हो," मावशी म्हणाल्या.

"रक्तावर परिणाम होऊ शकतो. लघवी काळपट झाली तर लगेच सांगा."

मग दवाखान्यातच थांबून सासू-सून प्रत्येक लंगोट खिडकीशी नेऊन उजेडात बघू लागल्या. सुनेनं चार शब्द सुनावले असते तर बरं, असं मावशींना वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी लंगोटावर कोऱ्या चहासारखा डाग दिसला. पोर पिवळी पडली होती. सून डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावली.

रक्त चढवावं लागलं. हळूहळू गालांवर रंग आला, आणि एका सकाळी नातीनं दुधासाठी भोकाड पसरलं.

घरी येताच त्यांनी खोली रिकामी केली आणि गुडघ्यांवर रांगत गोळी न् गोळी वेचली. आता त्या गालिचे उन्हात झोडपतात, शिवणी ब्रशनं झाडतात, प्रत्येकाचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधतात. तरी एका कोटाला कसर लागलीच. मालक रागावून कोट घेऊन गेला. पण मावशींनी पुन्हा डांबरगोळी आणली नाही.

सून मात्र, पोर आत जाऊ नये म्हणून, अजून त्या खोलीला बाहेरून कडी घालते. आत काम करत बसलेल्या मावशी कडीचा आवाज ऐकतात आणि पुढचा टाका घालतात.