मागून येणारी घंटी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं बायको लग्नापासून म्हणत आली आहे. आधी ते कौतुक होतं, आता तक्रार आहे. सकाळचा चहा पोटात गेला की मी अंगणात येतो, गोठ्यात डोकावतो, परत घरात जातो, परत अंगणात येतो. तिथून रस्त्यावर, रस्त्यावरून पारावर, आणि पारावर कुणी नसलं की उलट पावली घरी. "बूड टेकवा की जरा," ती चुलीपुढून म्हणते. मी टेकवतोही. पण बाज गरम व्हायच्या आत उठलेला असतो.

सगळा जन्म मेंढरांमागं गेला, त्याला मी तरी काय करणार. दिवाळी झाली, हरभरा-ज्वारीच्या पेरण्या उरकल्या की पाटोद्याकडच्या आमच्या डोंगरावरून कळप खाली गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, उतरवायचा, आणि पाऊस तोंडावर आला की परत वर आणायचा, ही आमची रीत. एका गावाला दोन-चार मुक्काम झाले की पाय आपोआप वळवळायला लागायचे. मग बायकोच्या गुडघ्यांनी दावा मांडला. तळावरचं उठणं-बसणं तिला जमेना. कळप धाकट्या भावाच्या हवाली केला आणि मी घरी बसलो. बसलो म्हणजे, बसवला गेलो.

यंदा शाळा सुरू व्हायच्या वेळेला मुलगा आणि सून पुण्याकडं कंपनीत कामाला लागले. दोघांच्याही पाळ्या, खोली कोंबड्याच्या खुराड्याएवढी. पोरं कुठं ठेवायची? आमच्याकडं राहिली. नात पहिलीत, आणि नातू अजून धड बोलत नाही पण पळायला हरणासारखा. दुधापेक्षा साय गोड म्हणतात ते खरं आहे, पण साय निदान एका जागी गप बसते. हे पोरगं बसत नाही. बायको एकदा माझ्याकडं आणि एकदा त्याच्याकडं बघते आणि कपाळाला हात लावते.

आल्या आल्या त्यानं आम्हाला जेरीस आणलं. आता इथं होता, तो शेजारच्या म्हशीच्या पोटाखाली. आता ओट्यावर होता, तो पाण्याच्या टाकीवर पोटावर पडून आत वाकलेला. बायकोला पळता येत नाही, आणि मी किती वेळ एकाच पोरावर डोळा ठेवणार? शेवटी मी माळ्यावरून जुनी घंटी काढली. आमच्या म्होरक्या शेळीच्या गळ्यातली, पितळेची, कडेला चीर गेलेली, त्यामुळं तिचा आवाज खणखणीत न येता जरा घोगरा येतो. ती मी पोराच्या करदोट्याला बांधली.

बायको भडकली. पोर आहे का बोकड, म्हणाली. पण दुपारपर्यंत तिलाही तिची सवय झाली. कळपामागच्या माणसाची डोळ्यापेक्षा कानावर भिस्त असते. चरणाऱ्या जित्राबाची घंटी सावकाश, अधूनमधून वाजते. पळणाऱ्याची एकसारखी वाजते. आणि जी अचानक थांबते तिच्याकडं आधी बघायचं. मी बाजेवर डोळे मिटून पडायचो आणि सांगायचो, आता तो शेंगांच्या पोत्यापाशी आहे. बायको उठून बघायची तर गालात शेंगदाणे भरलेला नातू तिथंच सापडायचा. सुनेनं व्हिडिओ कॉलवर घंटी ऐकली तेव्हा आधी ती हसली, मग फोन नवऱ्याच्या हातात देऊन बाजूला झाली.

खरं सांगायचं तर त्या महिन्यांत मला मजा आली. नातवाला मी कळपाची हाळी शिकवली. नावानं हाक मारली तर ढुंकून बघायचा नाही, पण "हुर्र्र" म्हटलं की जिथं असेल तिथून माघारी वळायचा. माझ्यामागं चालायलाही शिकला. मी चाललो की चालायचा, मी थांबलो की थांबायचा, अगदी शिकवलेल्या शेळीसारखा. नात त्याच्यासारखी नाही. ती बघते जास्त आणि बोलते कमी. संध्याकाळी ती पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसायची, एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायची, आणि मी मधेच उठलो तर बोट तिथंच दाबून ठेवून मी परत यायची वाट बघायची. आलो की पुढचं अक्षर.

दिवाळीला पोरांचे आईबाप आले आणि भाऊबीज उरकून निघाले. निघायच्या आदल्या दिवशी सून म्हणाली, "मामा, सकाळी पोरीला उठवू का? सांगून जाते तिला." मी नको म्हणालो. मेंढ्या चरायला न्यायच्या असतात तेव्हा कोकरं डालग्याखाली झाकून ठेवतात आणि आयांना गुपचूप बाहेर काढतात. समोरासमोर तोडलं तर दोन्हीकडून ओरडा होतो, ना आई चरते ना कोकरू गप बसतं. हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकलं. पहाटे दोन्ही पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती दोघं पहिल्या एस्टीनं गेली.

सकाळी नातवानं घर डोक्यावर घेतलं. नात रडली नाही. एस्टी कधी गेली, एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, पहाटे. तिनं मान हलवली आणि दप्तर भरायला घेतलं. बघितलंस का, किती शहाणी पोर आहे, असं मी बायकोला म्हणालो. बायको पोरीची वेणी घालायला बसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भावाचा कळप आमच्या शिवारात आला. ओढ्यापलीकडच्या शेतात, खतासाठी, शेतकऱ्यानं बसवून घेतला होता. तिथून पुढं तो गंगथडीला उतरणार. मी रोज संध्याकाळी तिकडं जायला लागलो. नातू खांद्यावर, नात बोटाला. निम्मी मेंढरं अजून माझी तोंडओळख ठेवून होती. लोकरीचा, लेंड्यांचा वास नाकात गेला की मला घर, पार, चहा, सगळंच नकोसं व्हायचं. भाऊ म्हणाला, "चल की दादा. गंगथडीला आमाला सोड आन् माघारी ये." मी म्हणालो, पोरं कुणाकडं टाकू? पण येताना मला रस्ता दिसत नव्हता, मी मनानं केव्हाच घाट उतरलो होतो.

मग मी जे केलं ते बघून कुणालाही कळलं असतं. जुन्या वहाणांना तेल दिलं. घोंगडी काढून उन्हात टाकली. ती कावून वाळत घातली, असं नातीनं विचारलं. कसर लागते, मी म्हणालो. तिनं घोंगडीकडं बघितलं, वहाणांकडं बघितलं, आणि शाळेत गेली.

बायकोला मात्र सांगावं लागलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "जायचं तर जावा," ती म्हणाली. "उगं दारात येरझाऱ्या घालून मला चक्कर आणू नका. मला पोरामागं पळता येत न्हाई, ते तुमाला ठावं हाय. पर पोरीला सांगून जावा." मी म्हणालो, ती रडेल. झोपेत असतानाच निघतो, आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. तिनं भाकरी उलटली.

कळप हलायच्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला उठलो. खुंटीवरची घोंगडी उचलली आणि घंटी किणकिणली. मी होतो तिथं खिळलो. नातू झोपेत कूस बदलतो तेव्हा त्याची घंटी अशीच वाजते, म्हणून थोडा वेळ श्वास रोखून उभा राहिलो. कुणी उठलं नाही. घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली, ती पार पोटऱ्यांपर्यंत मागं लोंबत होती, काठी घेतली आणि बाहेर पडलो.

गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि मागून घंटी वाजली. घोगरी, आमचीच. मागं वळून बघितलं तर गल्ली मोकळी. परत चाललो, परत घंटी. थांबलो, घंटी थांबली. पोरगं मागं आलंय, मला शंकाच उरली नाही. मीच शिकवलं होतं, माणूस थांबला की थांबायचं. "हुर्र्र," मी हळूच म्हणालो. कुणी आलं नाही. काटेरी कुंपणामागं बघितलं, ट्रॉलीखाली वाकून बघितलं. वाकताना घंटी अगदी जवळ वाजली. गरकन वळलो तर कुणी नाही. ओढ्याच्या वाटेवर बिनकठड्याची विहीर आहे. अंधुक उजेडात ते पोर माझ्यामागं निघालं असेल आणि कुठंतरी आडवाटेला लागलं असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं.

विहिरीपर्यंत धावत गेलो. आत वाकून बघितलं, पाणी शांत होतं. मोठ्यानं हाळी दिली, एकदा, दोनदा, पलीकडच्या झाडावरची वटवाघळं उठली. मग घराकडं पळत सुटलो, आणि घंटी माझ्यामागं पळत सुटली. मेंढरांमागं जन्म काढलेला माणूस मी, हजार घंट्यांतून आपली ओळखणारा, आणि ती कुठून वाजते हे मला कळेना.

नात उंबऱ्यावर बसली होती. अंगावर आजीची शाल, पाय उंबऱ्याच्या आत.

"भाऊ कुठाय?" मी विचारलं.

"झोपलाय."

आत जाऊन बघितलं. नातू तोंड उघडं टाकून, हातपाय पसरून झोपला होता. करदोट्याला घंटी नव्हती. मी परत वळलो तेव्हा ती वाजली, माझ्याच पोटऱ्यांपाशी. घोंगडी ओढून पुढं घेतली. मागच्या टोकाला घंटी बांधलेली होती, शाळेच्या लाल रिबिनीनं, गाठीवर गाठ, गाठीवर गाठ.

रागच आला आधी. विहिरीवर काय अवस्था झाली होती ते माझं मला माहीत. मी उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिलो. "कावून बांधली ही?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई गेली तवा मी झोपलेले. मला कळलंच न्हाई."

मी घंटी मुठीत धरली.

"तुमी गेला तर आवाज यील म्हणून."

"मग आला का आवाज?"

"आला."

"आला तर हाक कावून न्हाई मारलीस?"

आता तिनं मान वर केली. "तुमी थांबत होताव. मागं बघत होताव," ती म्हणाली. "मला वाटलं, येताल."

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावरच बसलो. दिवाळीनंतर ती रडली नव्हती, आणि त्याला मी शहाणपण म्हणत होतो. रोज रात्री ही पोर किती वेळ जागी राहून घरातले आवाज मोजत असेल, असं मनात आलं. तिच्यादेखत मी डोळे पुसले. लपवायला घोंगडी होती, पण लपवलं नाही.

भावाचा फोन आला, कुठवर आलास म्हणून. तुम्ही व्हा पुढं, मी म्हणालो. त्यानं कारण विचारलं, मी पोरांचं नाव सांगितलं. थोड्या वेळानं ओढ्यापलीकडून कळप हलल्याचा आवाज आला. मेंढरांचा, कुत्र्यांचा, घंट्यांचा. खोटं कशाला बोलू, माझा जीव तिकडं ओढत होता. पायाची बोटं वहाणेत वळवळत होती. नातीनं माझ्या पायांकडं बघितलं आणि हात माझ्या गुडघ्यावर ठेवून दिला, दाब देऊन, पुस्तकातल्या अक्षरावर ठेवते तसा. आवाज घाटाकडं वळून विरेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. मग आतून नातू उठल्याचा ओरडा झाला, आणि बायकोनं चहा टाकला. माझ्या वाट्याला तिनं न विचारता दोन कप दिले.

पायाची भिंगरी काही गेलेली नाही. अजून मी अंगणात, गोठ्यात, पारावर करतच असतो. फक्त आता उठायच्या आधी सांगतो, पारावर चाललो, चहा पिऊन येतो. नात विचारते, लगेच का उशिरा? मी सांगतो त्याच्यापेक्षा लवकर येतो. घंटी नातवाच्या कमरेला परत गेली. रिबिनीच्या गाठी मात्र मला सुटल्या नाहीत, दातांनी तोडाव्या लागल्या.

कळप गेला त्याच दिवशी संध्याकाळी सुनेचा कॉल आला. पोरांशी बोलून झाल्यावर मी फोन मागून घेतला आणि तिला सगळं सांगितलं. कोकरांचंही सांगितलं, की ते मेंढरांपुरतंच ठीक होतं.

"पुढल्या खेपेला निघताना पोरीला उठव," मी तिला म्हणालो. "रडली तर रडू दे. मी घरीच हाय."