ग्रीसमधला एक रोलर

आमच्या घरात माझ्यासाठी एक म्हण राखून ठेवलेली होती: उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आई म्हणायची, थोरली बहीण म्हणायची, पुढे बायकोलाही ती आयतीच मिळाली. मला राग यायचा. एका जागी बसणं जमत नाही, यात माझा काय गुन्हा? तव्यावरची भाकर फुगेपर्यंतसुद्धा माझा पाय हलत असतो. पण त्या गिअरबॉक्सच्या कामानंतर मी या म्हणीवरून कोणाशी भांडलो नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. मी फौजेच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढून परत आलो होतो आणि मालेगावला वाशीम रस्त्यावर एका टिनाच्या शेडमध्ये मेकॅनिक म्हणून लागलो होतो. शेड उस्तादांचं. साठीला टेकलेला, अतिशय सावकाश माणूस. त्यांनी पाना उचलून पुसेपर्यंत माझे दोन नट निघालेले असायचे. मला वाटायचं, फौजेत काम केलेल्या माणसाला हे काय शिकवणार?

थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, कारंज्याला एका कापूस व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. आमच्या बौद्ध वस्तीतून स्टिअरिंगवर बसलेला पहिला माणूस. त्यांच्या वडिलांनी त्याच व्यापाऱ्याच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी वाहिल्या होत्या. भाऊजी जीप घेऊन वस्तीत आले की म्हातारी माणसं बाजेवरून उठून बघायची.

व्यापाऱ्याच्या मुलाला, छोट्या शेठला, वेगाचं वेड होतं. त्याने एक दोन दारांची बसकी गाडी घेतली होती, मुंबईहून तिचं इंजिन जास्त ताकदीचं करून आणलं होतं, आणि तिकडच्या शर्यतीत ती उतरवायची होती. चालवणार होते भाऊजी. त्यांचा हात आपल्यापेक्षा साफ आहे, हे शेठ चारचौघांत कबूल करायचा. अडचण एवढीच होती की इंजिनाचा जोर वाढला, पण गिअरबॉक्स जुनीच राहिली. पूर्ण जोर दिला की आतल्या दोन शाफ्टपैकी, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यांपैकी, एखादा पिळवटून तुटायचा. दोन महिन्यांत दोनदा तुटला. तेव्हा भाऊजींनी शेठला माझं नाव सुचवलं, आणि माझ्या कामाची हमी स्वतःच्या तोंडाने दिली.

मी म्हटलं, तसाच शाफ्ट घातला तर तिसऱ्यांदा तुटेल. ट्रकच्या तुटक्या अ‍ॅक्सलचं पोलाद चांगलं असतं. ते घेऊन मी अकोल्याच्या टर्नरकडे गेलो, दोन्ही शाफ्ट जरा जाड बनवून घेतले, त्यांना पाणी देऊन कडक करून आणले. एका खेपेचं काम होतं, मी तीन खेपा केल्या. टर्नर वैतागून म्हणाला की तू नसलास की मशीन जास्त चांगली चालते.

मग जोडणी. शाफ्टभोवती आगकाडीच्या निम्म्या लांबीचे बारीक पोलादी रोलर असतात. ते ग्रीसमध्ये एकेक चिकटवून गोल बसवायचे आणि त्यातून शाफ्ट अलगद सरकवायचा. एक जरी कमी पडला तर बाकीचे तिरपे होतात, गिअरबॉक्सचा डबा जाम होतो, आणि भरधाव गाडीची चाकं जागच्या जागी अडकतात. मी नवे रोलर मोजून बसवले. उस्तादांनी गिअरबॉक्सचं झाकण लावलं आणि नेहमीप्रमाणे काढलेले जुने पार्ट, रोलरसकट, धुऊन, फडक्यात बांधून भाऊजींच्या हातात दिले. हा त्यांचा नियमच होता. मालकाने जुना माल डोळ्यांनी पाहिला की नवा खरंच घातला याची त्याला खात्री पटते.

अकराच्या सुमारास भाऊजी गाडी घेऊन गेले. संध्याकाळी शेठसमोर मूर्तिजापूर रस्त्यावर तिला पूर्ण पळवायचं ठरलं होतं. उस्ताद पार्सल आणायला जऊळका स्टेशनला निघून गेले. मी ग्रीसचा डबा झाकायला घेतला, तर झाकणाच्या आतल्या बाजूला एक रोलर चिकटलेला.

हा नवा की जुना? जुने रोलरही दोनच महिन्यांचे होते, नुसतं बघून फरक कळेना. मी मोजले होते ना? मोजले होते. पण मध्ये चहा आला होता. जितकं आठवायला जावं तितका तो आकडा हातातून निसटायला लागला. गाडी उलटलेली, बहीण दारात उभी, असलं काहीबाही दिसायला लागलं. तपासायची एकच वाट होती. जुन्यांच्या गाठोड्यात एक कमी निघाला, तर हा जुना. गाठोडं कारंज्याला होतं. उस्ताद दोन तासांत परत येणार होते, पण दोन तास थांबणं माझ्या रक्तात नव्हतं. शेडला टाळं ठोकलं आणि मिळाली ती एसटी पकडली.

ती एसटी मी जन्मात विसरणार नाही. हात दाखवेल त्याच्यासाठी थांबत होती. शेलूबाजारला ड्रायव्हर उतरून चहा प्यायला बसला, आणि मी खाली उतरायचो, परत चढायचो, परत उतरायचो. खिशातला रोलर दर मिनिटाला चाचपत होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने दोनदा विचारलं की काही हरवलं का.

शेठच्या अंगणात भाऊजी गाडीची काच पुसत होते. मी गाठोडं मागून घेतलं आणि पायरीवर बसून मोजायला लागलो. जुने रोलर पुरे भरले. पुन्हा मोजले, पुन्हा पुरे. म्हणजे माझ्या खिशातला नवा होता, आणि गिअरबॉक्समध्ये एक कमी होता. मी तो काढून भाऊजींच्या तळहातावर ठेवला.

"आतला हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली. तेवढ्यात शेठ काळा चष्मा लावून बाहेर आला. भाऊजींनी मूठ मिटली.

"शेठ, आज गाडी नाही पळवाची," ते म्हणाले. "डब्यातून आवाज येऊन राह्यला."

शेठ दुपारी स्वतः गाडीत बसून एक चक्कर मारून आला होता, त्याला आवाज आला नव्हता. तो तसं म्हणाला. भाऊजी हटले नाहीत. खरं तर त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. शेठ, चूक माझी आहे, एवढंच. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

गिअरबॉक्सचा डबा तिथेच अंगणात उतरवला. शेठ खुर्ची टाकून समोर बसला. मी शाफ्ट बाहेर काढला, ग्रीस पुसलं आणि रोलर मोजले. एकही कमी नव्हता. तीनदा मोजले. सगळे जागच्या जागी होते.

शेठने विचारलं की मग चूक कोणाची?

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्या कानाची चूक हाय, शेठ."

शेठ रागावला नाही. शांतपणे म्हणाला की आवाजाला भिणारा माणूस शर्यतीला चालत नाही. त्या गाडीसाठी त्याने नागपूरचा ड्रायव्हर बोलावला, आणि भाऊजी परत जीपवर गेले.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी ग्रीसचा डबा उघडला आणि विचारलं, "झाकणाचा रोलर कुठं गेला?" मग त्यांच्याकडून कळलं की एक जास्तीचा रोलर ते कायम झाकणाला चिकटवून ठेवतात. बसवताना एखादा मातीत हरवला तर एकासाठी अकोल्याला पळायला नको. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाना पुसत ऐकलं.

"दोन घंटे थांबून मले पुसलं असतं तर?" ते म्हणाले.

मी तसाच कारंज्याला जाऊन भाऊजींना सांगितलं, आणि शेठलाही खरं सांगतो म्हणालो. त्यांनी मला अडवलं. माझं गेलं ते गेलं, म्हणाले, तुझ्या हातावर त्याचा भरोसा बसलाय, तो तरी राहू दे. मी ऐकलं. खरं सांगायचं तर मला ऐकायचंच होतं, आणि याची लाज मला अजून वाटते.

शाफ्ट पुन्हा तुटले नाहीत. शर्यतीत गाडीचा दुसरा नंबर आला. शेठने पेढे पाठवले, आणि ते जीपमधून घेऊन आले भाऊजीच. आधी त्यांनी खिशातून तो रोलर काढला, ग्रीसचा डबा कोणता ते विचारलं आणि झाकणाला नीट चिकटवून ठेवला. मग पुडा सोडला. माझे हात काळे होते, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात पेढा घातला. मी तो तोंडात तसाच धरून बसलो. भाऊजी पाण्याचा गडू घेऊन समोर उभे राहिले, कितीतरी वेळ.