हजेरीतली मम्मी

सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो, ते काही ज्ञानाची तहान लागली म्हणून नाही. लातूरच्या ज्या डाळ मिलमध्ये मी लॅब सांभाळतो, तिथं तीन पाळ्यांची एक पाळी झाली होती. बाहेर देशातून जहाजानं आलेली तूर स्वस्त, आमचा माल उठेना. दिवाळीच्या तोंडावर मॅनेजरनं दोघांना बोलावलं. ओलावा आणि प्रत दोन्ही सांगणारं नवं मशीन येतंय, म्हणाले. मार्च संपल्यावर लॅबला एकच माणूस पुरे, आणि त्याच्याकडं मशीनवर तपासणी करता येत असल्याचं सर्टिफिकेट पाहिजे. दोघं म्हणजे मी आणि मामा.

मामा नात्यानं कुणाचेच नव्हते, अख्खी मिल त्यांना मामा म्हणायची. छप्पन-सत्तावन्न वय, शिक्षण मॅट्रिक, रोज रेणापूरहून एसटीनं यायचे. पोत्यातून मूठभर तूर घ्यायची, एक दाणा दाढेखाली धरून फोडायचा आणि ओलावा सांगायचा. माझं मीटर पाच मिनिटांनी तेच सांगायचं. मला त्याचा लई राग यायचा. बी.एस्सी. झालेलो मी, आणि ट्रकवाले विचारणार मामांना! बारा वर्षं आम्ही एका टेबलाला समोरासमोर बसलो. दुपारी डबे उघडायचे, त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीची डबी माझ्याकडं सरकवायची, "आज धूळ लई हाय" म्हणायचं, मी "हाव" म्हणायचं. झालं बोलणं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली तेव्हा मी दहाव्याला जाऊन आलो. ते कामावर आले त्या दिवशी पुन्हा आपलं तेच, धूळ आणि हाव.

माझी बायको नांदेडला शाळेत शिक्षिका, मुलगी तिच्याजवळ. मी लातूरला खोली करून राहायचो, शनिवारी संध्याकाळची गाडी धरायची, सोमवारी पहाटे परत. खोली ट्यूशनच्या भागात, त्यामुळं वर, खाली, शेजारी सगळी डॉक्टर व्हायला आलेली पोरं. त्यांच्यातच मेसला जेवायचं, तेच पातळ वरण. कामावरून सहाला यायचो आणि कॉटवर बसायचो. मुलगी फोनवर दोन वाक्यं बोलायची की "मम्मीला देते" म्हणायची. बायको पेपर तपासत असायची. मला एकटं वाटायचं. बाप्या माणसानं असं म्हणू नये म्हणतात, पण वाटायचं, काय करणार?

तर असा मी धान्य तपासणीच्या ऑनलाइन कोर्सला बसलो. रोज संध्याकाळी साडेसातला वर्ग. मिलमध्ये कुणाला बोललो नाही; जागा एक, मग कशाला डंका पिटा? वर्गात स्वतःचं नाव बदलून नुसतं "विद्यार्थी" ठेवलं. मामा असलं काही करतील हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. त्यांना साधा मेसेज लिहायचा तर एका बोटानं अक्षर शोधावं लागायचं.

शिकवणाऱ्या सरांना हजेरीची मोठी हौस. पडद्यावर दिसेल ते नाव ते मोठ्यानं वाचायचे. बहुतेकांच्या मोबाइलला घरच्या पोरांनी घातलेलीच नावं, म्हणून हजेरी अशी व्हायची: पप्पा, दुकान, जुना फोन, मम्मी. कॅमेरे बंदच; कुणी बोलून हजर म्हणायचं, कुणी नुसतं लिहायचं, मम्मी लिहिणाऱ्यांतली. सुरुवातीला हसू आलं. मग ध्यानात आलं, ही सगळी माझ्यासारखीच चाळीस-पन्नाशीची माणसं. कुणाची पाळी गेलेली, कुणाचा कारखाना बंद. मंदीत सर्टिफिकेटसाठी शिकायला बसतात हे खरं, पण अर्धंच. काम गेलं किंवा जायला लागलं की माणसाला कुणी कशाला विचारत नाही. इथं रोज साडेसातला कुणीतरी तुमची वाट बघायचं, गृहपाठ केला का विचारायचं. "विद्यार्थी?" असं सरांनी म्हटलं की मी घाईघाईनं "हजर सर" म्हणायचो. दिवसभरात तेवढंच काय ते मनापासून बोलणं.

मीटरवरच्या एका प्रश्नाचं उत्तर मी वर्गात लिहिलं, तेव्हा मम्मीचा मला एकट्याला मेसेज आला. मीटर शून्याला कसं आणतात, नीट समजलं नाही म्हणे. मी तराजूच्या काट्याचं उदाहरण देऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक शंका. मग रोजच. मला वाटलं असेल कुणी बाई, पापडाचा नाहीतर मसाल्याचा उद्योग बसलेला, म्हणून हे शिकत असेल. लिहायची थोडं, वाचायची सगळं. मी तिला मेसचं वरण सांगितलं, मुलीची दोन वाक्यं सांगितली. "जेवलात का?" म्हणून रोज विचारायला लागलो. ती बहुतेक वेळा "अजून न्हाई" लिहायची. एकदा मी विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं? तिनं लिहिलं, "मीच. एकट्यापुरता." वाचलं आणि पुढं गेलो. एकटीपुरता नाही, एकट्यापुरता. घाईत टाइप करताना होतं, म्हटलं.

एका संध्याकाळी तिनं विचारलं, तुमची नोकरी राहील ना? त्या दिवशी ट्रकवाल्यानं माझं मीटर सोडून मामांनाच विचारलं होतं, मी तणतणतच होतो. लिहिलं, "माझी काळजी नाही. आमच्याकडं एक म्हातारा आहे, दातानं ओलावा सांगतो. मशीन आलं की त्याचा निकाल लागला. नवीन तो काय शिकणार? जित्याची खोड."

मग आलं, "बरं."

तीन दिवस मम्मी हजेरीत नव्हती. सरांनी नाव घेतलं की माझा जीव खालीवर व्हायचा. इकडं लॅबमध्ये मामांनी चटणीची डबी सरकवली तशीच, पण नमुना आला तेव्हा दाणा तोंडात टाकला नाही. मीटरला विचारा, एवढंच म्हणाले. मला उलट बरं वाटलं. आला म्हातारा वळणावर, असं मनात म्हटल्याचं मला आठवतं. चौथ्या दिवशी मम्मी पुन्हा आली, पुन्हा शंका विचारायला लागली. मी खूश.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा, रविवारी सकाळी, सगळ्यांच्या देखत, कॅमेरा लावून. सरांनी मम्मीचं नाव पुकारलं आणि पडद्यावर मामा आले. धुतलेला पांढरा शर्ट, केस पाण्यानं चापून बसवलेले, मागं भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो. तिचाच मोबाइल होता तो, पोरांनी घातलेलं नाव तसंच राहिलेलं. परीक्षकांनी विचारलं, मीटरचा आकडा पटला नाही तर काय कराल? मामा म्हणाले, आधी मीटर शून्याला आणायचं, मग तोच नमुना तीनदा घ्यायचा. माझंच वाक्य, शब्द न् शब्द. "तरी फरक राहिला तर दाणा फोडून बघायचा," ते म्हणाले, आणि परीक्षक हसले. माझ्या पाळीला मी काय बोललो ते मला आजही सांगता येणार नाही.

दोघं पास झालो. मिलनं मला ठेवलं, कारण मी पदवीवाला आणि दहा वर्षांनी लहान. त्यानंतरही महिनाभर आम्ही समोरासमोर बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. रोज ठरवायचो आज बोलायचं, आणि डबा उघडला की पुन्हा धूळ आणि हाव.

शेवटच्या दिवशी ते डबीचं झाकण पुसत होते तेव्हा बोललो. "मामा, ते मी लिहिलं..."

"खरंच लिहिलं होतं की तुम्ही," ते म्हणाले. "राग आला. तीन दिवस फोन उघडला न्हाई. मग उघडला." डबी पिशवीत टाकली. "घरी स्वयंपाक कोण करतं, हे तुम्ही मम्मीला विचारलं सर. मला कधी न्हाई."

पिशवी उचलली आणि पाचच्या गाडीला गेले.

आता टेबलाला मी एकटा असतो. मशीन आकडा सांगतं, कागद बाहेर येतो. रेणापूर काही लांब नाही, अर्ध्या तासाची वाट. एका शनिवारी मी त्या गाडीजवळ जाऊन उभासुद्धा राहिलो आणि मग मुकाट्यानं नांदेडच्या गाडीत बसलो. त्यांच्या दारात उभं राहून काय विचारू, जेवलात का म्हणून?

जूनमध्ये मी गोदाम सांभाळण्याच्या कोर्सला नाव घातलंय. मिलनं सांगितलेलं नाही, बायकोला वाटतं मला बढती हवी आहे. साडेसातला वर्ग असतो, सर तेच आहेत, हजेरी तशीच मोठ्यानं घेतात. पप्पा येतात, दुकान येतं. यादी संपेपर्यंत मी कान देऊन बसतो. मम्मी अजून आलेली नाही.