सत्कारापायी सुटलेलं जहाज

जहाज मुंबईच्या बंदरातून सकाळी दहाला सुटणार होतं. त्यासाठी आदल्या दिवशी संध्याकाळी पाचची गाडी मलकापूरला पकडायची होती, आणि त्या गाडीसाठी आमच्या धामणगाव बढ्याहून दुपारी एकची एस.टी. यात समजायला कठीण असं काहीच नव्हतं. तरी ते त्या दिवशी एका माणसाला समजलं नाही, आणि ज्याला समजलं होतं तो मी गप्प बसून राहिलो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. अमरावतीला भूगोल घेऊन पास झालो आणि गावच्याच हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो. युरोपातल्या एका संस्थेनं देशोदेशींच्या तरुण भूगोल-शिक्षकांना उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात सफरीला न्यायचं ठरवलं होतं. खर्च त्यांचा. मी लोणारच्या सरोवरावर निबंध लिहून पाठवला आणि निवडला गेलो. मुंबईचं जहाज मला तीन आठवड्यांत युरोपात उतरवणार होतं. तिथून एक लहान जहाज उत्तरेला निघणार होतं.

त्या लहान जहाजाचा नकाशा पाकिटातून आला होता. तांबड्या रेघेनं वाट आणि बेटाबेटाशी तारीख. पहिली बेटं गवताची, मेंढ्यांची, जिथं झाड म्हणून उगवत नाही. मग कड्यांवर लाखो पक्षी बसतात ती. मग धूर ओकणारा डोंगर असलेलं एक बेट. त्याच्या वर हवामान मोजणारी पाच-सहा माणसं राहतात ते एकटं बेट, आणि शेवटी बर्फाची कड. तिथं उन्हाळ्यात महिनोन् महिने सूर्य मावळत नाही. हे सगळं मी वर्गात शिकवत होतो. दोन वर्षं शिकवताना एकदाही खात्रीनं बोललो नव्हतो, कारण मी मुंबईचा समुद्रही पाहिला नव्हता.

गावानं मात्र माझी तयारी मनापासून केली. हेडमास्तरांनी आपला लोकरी कोट दिला. गाद्या भरणाऱ्या चाचांनी दुहेरी कापूस घालून बिनबाह्यांची बंडी शिवली. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "बरफ में पहनना मास्टर, और कोई पूछे तो बोलना, कपास बुलडाण्याचा है." आईनं मेथीचे लाडू केले आणि डब्याला दोनदा दोरी बांधली. या माणसांवर माझा राग नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

निघायच्या दिवशी सकाळी दहाला शाळेच्या पटांगणात माझा सत्कार ठेवला होता. अध्यक्ष म्हणून आमच्या शिक्षण संस्थेचे साहेब येणार होते. माझी फी त्यांच्या सहीनं माफ झाली होती, नोकरीही त्यांच्या सहीनं लागली होती. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. साहेबांना चिखलीत कापसाच्या बाजारातल्या गोदामाचं उद्घाटन होतं, तिथून ते निघाले का नाही हे कुणाला माहीत नव्हतं. मी गळ्यात हार घालून मंडपातल्या खुर्चीत बसलो होतो. आमच्याकडची रीत अशी की, पाहुणा येईपर्यंत सभा सुरू होत नाही, आणि ज्याचा सत्कार आहे त्यानं उठायचं नाही. सत्कारमूर्ती उठली तर पाहुण्याचा अपमान होतो. पाहुणा आलाच नाही तर मात्र कुणाचाच अपमान होत नाही.

एक वाजता एस.टी. आली. शाळा रस्त्यालगतच, त्यामुळं कंडक्टरला मी खुर्चीत बसलेला दिसत होतो. त्याला सगळी हकिगत ठाऊक होती. त्यानं गाडी थांबवून ठेवली आणि फाटकाशी येऊन ओरडला, "मास्तर, येऊन राह्यले का? गाडी पकडाची हाये ना तुमाले?"

मी हेडमास्तरांकडं पाहिलं. ते हळूच म्हणाले, "साहेबांची जीप येतेच आहे. तेच तुला स्टेशनवर सोडतील. आता उठलास तर माझी पंचाईत होईल रे."

बायकांच्या बाजूनं आई उठून उभी राहिली. माझी ट्रंक तिच्याजवळ होती. सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "ऊठ ना बापू. ज्याले येयाचं नाही त्याच्यासाठी काऊन बसून राह्यला?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मावशी, साहेबाले बोलून राह्यली का तू?"

"हाव, त्यालेच बोलून राह्यली."

मी तिला हातानं बसायची खूण केली. माझ्या आईला. कंडक्टरनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली, घंटीची दोरी दोनदा ओढली, आणि एस.टी. गेली.

साहेब दोन वाजून गेल्यावर आले. उशिराबद्दल एक शब्द नाही. पाऊण तास बोलले. नागपूरच्या थंडीत आपण एकदा पहाटे कशी अंघोळ केली होती ते सांगितलं, आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले की, हा पोरगा ध्रुवावर संस्थेचं नाव कोरून येणार. मग आभार झाले. मग हेडमास्तरांच्या घरी चहा, चहाबरोबर पोहे. मी उंबऱ्यात उभा राहून दोनदा म्हणालो, "साहेब, पाचची गाडी आहे."

"अरे, बस ना बे," ते म्हणाले, "गाडी कधी टायमावर येते का?"

जीपमध्ये मी मागं, ट्रंकेवर बसलो. वाटेत एका गावात लोक हार घेऊन उभे होते. साहेब तिथंही उतरले. मलकापूर स्टेशनात शिरलो तेव्हा फलाट रिकामा होता. एक हमाल झाडाच्या सावलीत बिडी ओढत बसला होता.

"मुंबईची गेली का?" मी विचारलं.

"गेली ना. वीस मिनिटं झाले. आज टायमावर होती."

पुढची गाडी मला दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईत पोचवणार होती. तेव्हा जहाज समुद्रात असणार. पुढचं जहाज पंधरा दिवसांनी, आणि ते युरोपात पोचेपर्यंत उत्तरेचं जहाज निघून गेलेलं. विमानाचं तर आम्ही नावही काढू शकत नव्हतो. हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी खऱ्या मनानं म्हणाले, "घाबरतो काऊन? मी कप्तानाले तार ठोकतो. थांबवतो तुझं जहाज."

त्यांनी खरंच तार केली. या माणसासाठी एस.टी. थांबत होती, सभा थांबत होती, शाळेची परीक्षासुद्धा एकदा थांबली होती. जहाज का थांबणार नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांना असं घडवणाऱ्यांत मी होतो, हार घालून पुढच्या खुर्चीत बसलेला. इतकी वर्षं झाली, मी ठरवू शकलेलो नाही की, कुणाचा राग जास्त येतो.

पुढचे तीन महिने मी वर्गावर गेलो आणि रोज नकाशातली तारीख पाहिली. आज ते मेंढ्यांच्या बेटावर. आज पक्ष्यांच्या कड्याखाली. ज्या दिवशी जहाज बर्फाच्या कडेला पोचणार होतं त्या दिवशी मी सातवीला अपूर्णांक शिकवत होतो, कारण गणिताचे मास्तर रजेवर होते. नंतर त्या सफरीतल्या एका अनोळखी शिक्षकाचं पत्र आलं. सोबत फोटो होता. वर-खाली दोन बिछाने, वरच्यावर तो, खालचा रिकामा आणि घडी न मोडलेला. त्यानं लिहिलं होतं, खालच्या बिछान्यावर लावलेली तुमच्या नावाची चिठ्ठी शेवटपर्यंत कुणी काढली नाही. मी ते पत्र आईला वाचून दाखवलं नाही.

बारा वर्षांनी मी त्याच शाळेचा हेडमास्तर झालो. पहिलंच स्नेहसंमेलन, अध्यक्ष साहेब, वेळ दहाची. बाहेरगावच्या मुलांची परतीची एस.टी. एकची होती. दहाला मी दीप लावला आणि सभा सुरू केली. सगळे माझ्याकडं बघत राहिले, एक जण तर कानाशी येऊन म्हणाला, "सर, नोकरी जाईल." साडेबाराला आभार मानले. साहेब आले तेव्हा गडी सतरंज्या गुंडाळत होते.

"मास्तर, थांबता नाही आलं का?"

"नाही साहेब. पोरांची एस.टी. होती."

त्यांनी मला निरखून पाहिलं. त्यांना काही आठवलं असेल असं मला वाटत नाही. महिन्याभरात संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, लोणारकडच्या बीबी गावाला, माझी बदली झाली. साधा शिक्षक म्हणून.

आई तेव्हा थकली होती. ऑर्डर वाचून दाखवली तर म्हणाली, "तवाच उठला असता तर?" मी चाचांची बंडी ट्रंकेत घातली, नकाशा घातला, आणि एकच्या एस.टी.साठी साडेबारालाच फाटकाशी जाऊन उभा राहिलो.